या घरचा माणूस

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लावूनच देवाने पाठवलं. पण त्या शुक्रवारी हद्द झाली. शिकवताना मी खिडकी ते दार आणि दार ते खिडकी इतक्या फेऱ्या मारल्या, की पहिल्या बाकावरच्या मुली माना वळवून थकल्या.

बुऱ्हाणपुरातल्या एका खाजगी कॉलेजात मी सोळा वर्षं मानसशास्त्र शिकवतेय. त्या दिवशीचा धडा माझ्या आवडीचा होता. पुरुषाच्या मनाच्या तळाशी एक बाई असते, तिला ॲनिमा म्हणतात. बाईच्या मनाच्या तळाशी एक पुरुष असतो, तो ॲनिमस. गोष्टींतल्या अप्सरा, चेटकिणी, पांढऱ्या घोड्यावरचे राजपुत्र सगळे तिथूनच वर येतात. हा आतला पुरुष शहाणा असला तर बाईला बळ देतो. पण तो तिच्या मानगुटीवर बसला की ती निकाल वाचून दाखवल्यासारखी बोलू लागते. तिचं कधी चुकत नाही, आणि दुसऱ्याचं ऐकायला तिला सवड नसते.

"मॅडम, उसको खुद को पता चलता है क्या?" तेजस्विनीने विचारलं.

"औरों को पहले पता चलता है," मी म्हणाले आणि उदाहरण म्हणून आमच्या प्राचार्यबाईंची नक्कल केली. वर्ग खो खो हसला. नक्कल मला चांगली जमते.

पण डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळीच फोपनारहून सुपडूकाकांचा, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांचा फोन आला होता.

"चारू, यंदा कानबाई फोपनारले येऊ दे. दादा गेले. आता तुमच्याकडे कर्ता माणूस कोन हाये?"

"विपुल आहे ना, काका."

"विपुल..." काका एवढंच म्हणाले आणि हसले. ते हसणं दिवसभर माझ्या कानात कुरकुरत राहिलं.

खान्देशाबाहेरच्यांना सांगायला हवं. कानबाई आमची नारळाची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवायचं, सोमवारी तापीवर न्यायचं. नारळ पिढ्यान्‌पिढ्या तोच. त्याला डोळे लावतात, नथ घालतात, शालू नेसवतात. आमच्या भाऊबंदकीची कानबाई थोरल्या घरी, म्हणजे इतवाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बसते. आदल्या दिवशी रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू निघतात. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाची सव्वा मूठ, आणि जिथे देवी बसते त्या घरच्या कर्त्या पुरुषाची सर्वांत आधी. बायकांची मूठ नसते. त्यांनी आपल्या पुरुषाच्या मुठीवर जेवायचं, नवऱ्याच्या, बापाच्या नाहीतर भावाच्या. हा रोट भाऊबंदकीबाहेर कोणाला देत नाहीत.

माझा यावर काडीचाही विश्वास नाही. आईचा आहे. एक्केचाळीस वर्षं तिने त्या नारळाची सेवा केली. फाल्गुनात बाबा गेले, तेव्हा सगळं गेलं पण कानबाई तरी आहे, एवढाच तिला आधार होता. काकांचा निरोप ऐकल्यापासून तिने ताटातली भाकरी नुसती चिवडली होती.

"कानबाई गेली तर मी सकाळी कोनासाठी उठू?" ती म्हणाली. "तुम्ही दोघं तर मोठे झाले."

मी तिला शब्द दिला. कानबाई या घरातून हलणार नाही म्हणजे नाही.

विपुल तेव्हा खिडकीशी बसून शालूच्या काठाला गोट लावत होता. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आधी एका औषधाच्या दुकानात काउंटरवर होता. बाबांना लकवा झाल्यावर त्याने काम सोडलं आणि तीन वर्षं त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली, जुनी लुगडी फाडून बाबांसाठी दुपटी शिवली. मी कॉलेजात असायची. आईचे हात थरथरायला लागल्यापासून कानबाईला डोळे लावायचं कामही त्याच्याकडेच. त्याच्या हाताने लावलेले डोळे बघितले की खरंच कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटतं. फोपनारकर त्याला "घरात बसेल", म्हणजे घरबशा, म्हणायचे. त्याच्या मनात बाई आणि पुरुष भांडण न करता नांदतात, हे मी एकदा स्टाफरूममध्ये मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. त्याला स्वतःला कधी सांगितलं नाही.

स्मशानात तो फार रडत होता, म्हणून मडकं मी घेतलं. अग्नीही मीच दिला. लोकांनी कौतुक केलं, मोबाईलवर फोटो फिरले. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

शनिवारी सकाळी काका, मनकर्णाकाकू आणि त्यांचा मुलगा ललित गाडी घेऊन आले. गाडीत मागच्या सीटवर नवी टोपली होती, आत लाल कापड अंथरलेलं. देवी न्यायची पूर्ण तयारी. ते बघून माझं डोकंच फिरलं.

आईने परातीत गहू काढून ठेवले होते. विपुल नारळ मांडीवर घेऊन डोळे बसवत होता. काकूंनी सूप पुढे ओढलं तसा त्याने नारळ पाटावर ठेवला, मोरीत जाऊन उजवा हात धुतला, स्वच्छ पंच्याने पुसला आणि तो कशाला लागू नये म्हणून अंगापासून लांब धरून परातीशी येऊन बसला. मुठीचा हात असा कोरा ठेवायचा असतो. बाबा तसंच करायचे.

"थांब रे," काका म्हणाले. "पह्यले हे तर ठरू द्या, कानबाई बसनार कुठे? वयनी, राग नका मानू. देवी बसते तिथं कर्ता मानूस लागते. कायदा हाये आपल्या घरान्याचा."

"विपुल काय भिंतीवरचं चित्र आहे?" मी म्हणाले.

ललित हसला. "अरे ताई, विपुल तो हमारा बहोत अच्छा है. पोळ्या तर माह्या बायकोपेक्षा गोल लाटते."

विपुलही थोडंसं हसला. त्याला सवय होती. हात मात्र त्याने तसाच लांब धरलेला होता.

तिथेच मी त्याच्या शेजारी बसले असते, 'टाक रे मूठ' म्हटलं असतं, तर गोष्ट संपली असती. काका चार शब्द बोलले असते आणि जेवून गेले असते. पण मी उभी होते. खिडकी ते दार, दार ते खिडकी. कालपासून तोंडात घोळवलेलं भाषण बाहेर यायला धडपडत होतं.

"कर्ता म्हणजे काय, काका? घर कोण चालवतं? बाबांना दवाखान्यात कोणी नेलं? अग्नी कोणी दिला? सगळ्या फोपनारने बघितलं ना? कर्ता माणूस हवाय ना तुम्हाला? मग मी आहे!"

मला वाटलं, काका आता भडकतील. पण काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चाळीस वर्षं केळीच्या मंडीत घासाघीस केलेला माणूस.

"बरं," ते म्हणाले. "जमाना बदलला, आम्ही काय मना करून नाही राह्यलो. पन दोन-दोन कर्ते नाही चालत. एकच सांग. या घरचा मानूस कोन? तू का हा?"

आई माझ्याकडे बघत होती. विपुल परातीकडे बघत होता.

"मी," मी म्हणाले.

"मंग विपुलची मूठ?" काकूंनी विचारलं. बिचाऱ्या सरळ मनाने विचारत होत्या.

"माझी धरताय ना? झालं मग. तुम्ही म्हणता तेच खरं धरा. तो नाही तसा माणूस. मी आहे."

बोलले. मोठ्या, स्वच्छ आवाजात बोलले, वर्गात बोलते तसं.

काका हसत सुटले. "पोरगी मर्द हाये दादाची! घ्या, घ्या पह्यली मूठ. विपुल जेवेल मंग तिच्या मुठीवर, काय रे?"

मी हात धुतला. परातीतून मूठ भरली, सुपात टाकली, वर पाव मूठ टाकली. मग काकांची, ललितची, त्याच्या दोन्ही मुलांच्या नावाची. घराण्यात पहिल्यांदा बाईची मूठ पडली होती, तीही सगळ्यांत आधी. हात झटकून मी दिमाखात उभी राहिले. आईकडे वळले तर ती विपुलकडे बघत होती. त्याने कोरडा हात पुन्हा एकदा पंच्याला पुसला आणि नारळ परत मांडीवर घेतला. राहिलेला डोळा बसवायला.

दळण न्यायचं काम दरवर्षी विपुलचं. त्या दिवशी मीच पिशवी उचलली. इतवाऱ्यातला चक्कीवाला कानबाईच्या दळणासाठी चक्की धुऊन ठेवतो, त्यामुळे रांग होती. पिशवी पायाशी ठेवून मी उभी होते आणि माझं कुठेच लक्ष लागेना. रांगेतून निघून दोन वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. घर पाच मिनिटांवर होतं. जावं, विपुलला म्हणावं, 'टाक तुझी मूठ.' काका मंडीत गेले होते, कोणी बघणार नव्हतं. माझा विश्वास नाही, त्यामुळे मला तर काहीच कठीण नव्हतं. पण मग माझं चुकलं असं झालं असतं. मी स्वतःला समजावलं, की हा प्रश्न एका मुठीचा नाही, तत्त्वाचा आहे. तेवढ्यात माझा नंबर आला. चक्कीवाल्याने सगळे गहू एकदम ओतले.

रविवारी पहाटेपासून विपुल चुलीशी होता. पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी आणि रोट, सगळं त्यानेच केलं. मी मधेमधे जाऊन "काही हवंय का?" विचारत होते. तो "नाही ताई" म्हणत होता. आवाजात राग असता तर मी भांडले असते. भांडण मला येतं.

कानबाई बसली. आई तिच्यासमोर हात जोडून बसली, तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता. मी शब्द पाळला होता. पाट-पानं मांडली गेली. विपुल वाढत होता, वाकून, प्रत्येकाला आग्रह करून. सगळ्यांचं वाढून झालं तसा तो आत गेला आणि बाहेर आला नाही.

मी उठून आत गेले. तो ओट्याला टेकून केळं खात होता. शेजारी दुसरं सोललेलं ठेवलं होतं.

"हे काय? चल, बस पानावर."

"नाही ताई. माझी मूठ नाही ना रोटात."

"तू पण हे मानतोस?"

"मी मानतो," तो म्हणाला. "तू नाही मानत."

"अरे, मग माझ्या मुठीवर जेव. काका म्हणाले ना..." हे शब्द तोंडातून निघाले आणि काय बोलून बसले ते कळलं. कळून काय उपयोग?

विपुलने केळं खाली ठेवलं. त्याचा चेहरा रागीट नव्हता, नुसता दमलेला होता.

"बाबांचं करायचो तेव्हा ललितदादा मला वहिनी म्हणायचा. सगळ्यांसमोर. मले काही वाटलं नाही कधी. मी बाईची कामं करत होतो, बाई थोडीच झालो होतो? हे घरात एकीला तरी माहीत आहे, असं वाटायचं मला." तो थांबला. "तुझं तर ते शिकवायचंच काम आहे."

मला त्याचा हात धरायचा होता. त्याच्या उजव्या हाताच्या नखांत अजून पीठ होतं आणि मी नुसती बघत राहिले. लाज वाटली, इतकी की तिथून पळून जावंसं वाटलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. आयुष्यात मी हे फार वेळा म्हटलेलं नाही, त्यामुळे आवाज बारीक निघाला. त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"चारू!" बाहेरून काकांची हाक आली. "अगं, घरच्या मानसानं पह्यला घास घेतल्याबगर कोनी खाईल कसं? पोरं भुकेजली, ये लवकर!"

"जा," विपुल म्हणाला. "गार होईल सगळं."

मी गेले. सगळे हात पानावर थांबले होते. बाबांच्या पाटावर बसले, रोटाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. काकू म्हणाल्या, "विपुलच्या हाताले चव हाये बरं," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घास चावत राहिले. सगळे माझ्या गिळण्याची वाट बघत होते, म्हणून गिळला.