दोऱ्याच्या या टोकाला

मी एक जुनी घडीची आरामखुर्ची आहे. लाकडाची चौकट, मध्ये ताणलेले जाड कापड आणि दोन्ही बाजूंना कोपर टेकायला हात, एवढाच माझा संसार. आता माझी घडी नीट होत नाही आणि उघडताना मी कुरकुरते. अर्थात कुरकुर मी नवी असतानाही करत होते, तेव्हा त्याचे खापर वयावर फोडण्यात अर्थ नाही. मित्रांनो, माझ्या डाव्या हातावरून बोट फिरवलेत तर एक बारीक खाच लागेल. ती कशाने पडली, ते मला सांगायचे आहे.

मला सुताराने जोडले आणि मास्तरांनी पुरे केले. मास्तर म्हणजे शिंपी. पुढे त्यांचे छोटे दुकान, मागे घर, घरामागे परसू आणि परसाच्या टोकाला ओढा. आम्ही दोघी एकाच दिवशी तयार झालो, मी आणि माझी जुळी बहीण. मी मास्तरांसाठी आणि ती त्यांच्या बायकोसाठी. त्यांना सगळे काकू म्हणत. काकूंची उंची बेताची, म्हणून बहिणीची चौकट चार बोटे आखूड ठेवली होती.

"लोकांच्या मापाचं आयुष्यभर शिवलं, आता आपल्या मापाचं बसणं तरी असू दे," मास्तर म्हणाले.

"बसायला वेळ शिवा आधी," काकू म्हणाल्या.

पण वेळ निघाला. दुकान बंद झाले की दोघे परसात येत. मास्तर गिऱ्हाइकांच्या गमती तिखटमीठ लावून सांगत आणि काकू ते तिखटमीठ जागच्या जागी झटकून टाकत. त्यांचे अर्धे लक्ष ओढ्याकडे असे. कोणता बेडूक मोठा, घुबड कोणत्या झाडावर बसले आहे, हे त्या नुसत्या आवाजावरून सांगत. मास्तरांना घुबडाच्या आणि दाराच्या बिजागरीच्या आवाजातला फरक कळत नसे, आणि त्यावरून त्यांची रोज थट्टा होई. ते आमचे सुखाचे दिवस होते.

मग एका सकाळी काकूंचे डावे अंग लुळे पडले. बोलणे राहिले, पण शब्द जड होऊन सावकाश येऊ लागले. त्यांचा पलंग मागच्या खिडकीला लागून टाकला. बहिणीची घडी करून तिला कोठीतल्या खिळ्याला टांगले. मी खिडकीखाली पायरीशी राहिले ती वाळलेले कपडे ठेवायला. माणसे माझ्यावर बसायची विसरली, याचे मला वाईट वाटले. खोटे कशाला बोलू?

मास्तर दिवसा शिवत आणि मध्ये उठून काकूंना भरवत, त्यांचे अंग पुसत. रात्रीसुद्धा उठून त्यांची कूस बदलावी लागे. एका रात्री चादर ओली झाली आणि मास्तरांचा तोल गेला. "जरा आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" असे ते म्हणाले. मास्तरांनी चादर बदलली, मागचे दार उघडले, माझ्यावरचे कपडे बाजूला सारले आणि ते मटकन बसले.

ओढ्यात बेडूक ओरडत होते. पाण्यावरून गार वारा येत होता. मास्तर बराच वेळ नुसते बसून राहिले. पलीकडच्या झाडावर आवाज झाला, तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "ही बिजागरी नव्हे." मग आत गेले आणि काकूंजवळ बसून म्हणाले, "चुकलं माझं."

"तुम्ही बसत जा बाहेर," काकू म्हणाल्या. "बरं वाटतं तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एक युक्ती केली. मेण लावलेला जाड दोरा घेतला. त्याच्या एका टोकाचा सैल फास काकूंच्या उजव्या हाताच्या बोटात अडकवला. दुसरे टोक खिडकीच्या गजावरून बाहेर आणून माझ्या डाव्या हाताला बांधले आणि त्यात घरातल्या मेलेल्या मांजराच्या गळ्यातली छोटी घंटा ओवली.

"काही लागलं की ओढ. मी पायरीवरच आहे."

"ओढते."

तेव्हापासून मास्तर रोज रात्री थोडा वेळ माझ्यावर येऊन बसू लागले. काकूंना तहान लागली की कधीमधी घंटा वाजे आणि ते धावत. एरवी सगळे शांत असे. त्या शांततेत मास्तरांच्या खांद्यावरचा दिवस हळूहळू उतरताना मला कळत असे. काकूंनी इतकी वर्षे शिकवूनही जे डोक्यात शिरले नव्हते, ते आता त्यांना एकटे बसून कळू लागले. मोठा बेडूक कोणता, घुबड कुठे आहे, सगळे.

पण मित्रांनो, मला आणखी एक गोष्ट कळत होती. रोज रात्री दोरा हळूच ताणला जाई, घंटा वाजायच्या बेताला येई, आणि दोरा पुन्हा सैल पडे. माझ्या हातावरची खाच त्या घासण्यानेच पडली. काकू जाग्या होत्या. त्यांना काहीतरी हवे होते आणि त्या मागत नव्हत्या. मास्तरांना ते कळावे म्हणून मी जमेल तेवढी कुरकुरले. मास्तर म्हणाले, "हिला तेल द्यायला हवं."

एका रात्री ओढ्याकाठची झाडी काजव्यांनी भरून गेली. मास्तर ताडकन उठले, खिडकीकडे वळले आणि हाक मारायला त्यांनी तोंडही उघडले. मग थांबले. "तिला कशाला सांगायचं," ते पुटपुटले. "पडल्या जागेवरून बघता येणार नाही, उगाच जीव तळमळेल." ते परत बसले. त्याच वेळी माझ्या हातावरचा दोरा ताणलेला होता. मला तोंड नाही, याचे दुःख मला त्या रात्रीइतके कधी झाले नाही.

रविवारी त्यांची लेक आली. ती म्हणाली, "बाबा, आईला एकदा बाहेर बसवू या ना."

"गारठा बाधेल तिला. हवा जरा सुधारू दे."

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "त्यांना कशाला त्रास?"

कोणी कोणाचे वाईट चिंतत नव्हते. सगळे एकमेकांना जपत होते, आणि त्यातच काजव्यांचे दिवस निघून चालले होते.

मग एका सकाळी दोरा तुटलेला सापडला. मास्तरांनी त्याचे टोक उजेडात धरले. शिंप्याला दोऱ्याचे टोक खूप काही सांगते. एकदम हिसका बसून तुटला की टोक वेगळे दिसते आणि घासून घासून तुटला की वेगळे. हे टोक गजाशी झिजून लोकरीसारखे पिंजारले होते.

"हा तुटलेला नाही, झिजलाय," ते खिडकीशी येऊन म्हणाले. "घंटा तर क्वचित वाजली. मग झिजला कशानं?"

"रोज धरून असायचे," काकू म्हणाल्या. "वाजणार नाही, इतकंच ओढायचे."

"का? काय हवं होतं?"

"बाहेर यायचं होतं. एक काजवा आत आला होता, पडद्यावर बसला होता. म्हटलं, आले वाटतं."

"मग वाजवायची ना घंटा."

"तेवढाच वेळ तुमचा होता. त्यात मी कशाला?"

"मला वाटायचं, तू झोपलीस," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

त्या दिवशी दुकान उघडले नाही. मास्तरांनी बहिणीला कोठीतून काढले. तिचे कापड कुजले होते. त्यांनी पलंगावर काकूंचे माप घेतले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बारीक झालेय, कापड वाचेल तुमचं." मास्तर हसले नाहीत. नवे कापड शिवून, काकू डावीकडे कलू नयेत म्हणून त्यांनी एक पट्टाही लावला. रात्री काकूंना शालीत गुंडाळून उचलून आणले आणि बहिणीवर बसवले. आम्ही दोघी पुन्हा शेजारी आलो.

झाडी काळीकुट्ट होती. काजवे संपले होते.

"अगं, परवापर्यंत होते," मास्तर म्हणाले. "झाड पेटल्यासारखं दिसत होतं."

"तुम्ही पाहिलेत ना," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने पलीकडे घुबड बोलले. "कुठे आहे सांगा?"

मास्तरांनी बरोबर झाड दाखवले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. "हे शिकलात आणि मला सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या. ती तक्रार होती.

त्यानंतर त्या मोजक्याच रात्री बाहेर आल्या. मग तब्येत उतरली, आणि पुढच्या काजव्यांपर्यंत काकू राहिल्या नाहीत.

काजवे मात्र वेळेवर आले. त्या रात्री मास्तरांनी आम्हा दोघींना उघडून शेजारी ठेवले. माझ्या हाताला दोरा बांधला, घंटा ओवली आणि दुसरे टोक बहिणीच्या हाताला बांधले. झाडीकडे बघत ते म्हणाले, "आले बघ." मग घंटेवर हात ठेवून बसून राहिले.

मित्रांनो, खुर्च्यांना तेल द्या, कापड कुजू देऊ नका, हे मी सांगायलाच हवे, कारण मी खुर्ची आहे. पण तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर एवढे ऐका. घंटा वाजली नाही म्हणून ते माणूस झोपले आहे, असे धरून चालू नका. उठा, आत जा आणि विचारा.