सार्डिनच्या शेडमधल्या खाटा

टिनेका हुकस्त्राकडे दोन विमानं होती आणि दोन्ही दुसऱ्यांनी वापरून टाकलेली. रॉटरडॅमच्या गोदीत राबणारी, जहाजं रंगवणारी, हॉटेलांत भांडी घासणारी स्पेनमधल्या गालिसियाची माणसं ती सुट्टीला घरी न्यायची आणि परत आणायची. हॉलंड आणि स्पेन, दोन्ही देशांच्या सरकारी विमान कंपन्यांनी आपसांत बसून ठरवलेलं भाडं या माणसांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि त्याहून स्वस्तात कुणाला न्यायचं तर कायदा आडवा यायचा. एक फट तेवढी होती. तिकिटात राहायची सोय धरलेली असली की ती सहल ठरायची, आणि सहलीचं भाडं ज्याचं त्याने ठरवावं.

मग टिनेकाने राहायची सोय केली. या माणसांच्याच सान ब्राइस गावात, समुद्राला लागून, सार्डिन मासे डब्यांत भरायचा एक बंद पडलेला कारखाना होता. त्याची शेड तिने भाड्याने घेतली, त्यात चाळीस लोखंडी खाटा टाकल्या आणि प्रत्येक तिकिटावर छापलं, 'प्रवास आणि निवास'. तिथे कधी कुणी पाठ टेकली नाही. ज्याची आई पलीकडच्या गल्लीत दाराशी उभी आहे, त्याने माशांच्या वासात कशाला झोपावं? खाटा राखायला ओब्दूलिया होती. तिने याच शेडमध्ये वीस वर्षं डबे भरले होते, आणि तिची जीभ डब्याच्या पत्र्यासारखी होती.

शहाऐंशी सालच्या ऑगस्टात तिचा फोन आला.

"बाई, माद्रिदहून एक साहेब आलाय. आरांदा नावाचा. गादीवर बोट फिरवलं आणि धूळ बघून हसला."

"काय म्हणाला?"

"शनिवारी विमान उतरलं की बघायला येतो म्हणाला. खाटांवर माणसं नसली तर तुमचा परवाना गेला. मोठ्या कंपन्यांनी कान भरलेत त्याचे, दुसरं काय."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, या की. जेवूनच या मात्र. आगंतुकाला वाढायची रीत नाही आमच्याकडे."

शनिवारी टिनेका स्वतः विमानात बसली. खाली ढगांच्या फटीतून बिस्केचा उपसागर दिसायला लागला तेव्हा ती उठली आणि तिने हवाई सुंदरीच्या हातातला माइक घेतला. स्पॅनिश ती याच माणसांकडून शिकली होती, त्यामुळे तिच्या बोलण्यात गोदीतल्या शिव्यांचा ठसका असायचा. त्या दिवशी तिने तो आवरला.

"तुमच्या तिकिटावर खाट लिहिलीय. तुम्ही हसता त्याला, मीही हसते. पण आज तिथे सरकारी माणूस येणार आहे. खाटा रिकाम्या दिसल्या तर पुढच्या वर्षी तुम्हाला न्यायला मी नसेन. जबरदस्ती कुणावर नाही. बाहेर दोन बसगाड्या उभ्या असतील."

मागच्या रांगेतून एलादियो रियालचा आवाज आला. गोदीत क्रेन चालवणारा हा अंगापिंडाने दणकट माणूस.

"बाई, मी दोन वर्षांनी घरी चाललोय. आई दारात उभी असेल. तिला काय सांगू, शेडमध्ये झोपून येतो म्हणून?"

"खरं ते सांग," टिनेका म्हणाली. "तुझ्या आईला भेटायला तुला सरकारची परवानगी लागते, हे सांग."

विमान उतरलं तेव्हा बसगाड्यांजवळ किती जण येतील याची तिला धास्ती होती. काही जण नजर चुकवून नातेवाइकांच्या गाड्यांत बसून गेले. पण दोन्ही बसगाड्या भरल्या. एलादियो सगळ्यांत शेवटी चढला आणि टिनेकाकडे न बघता खिडकीशी जाऊन बसला.

शेडमध्ये ओब्दूलियाने स्वच्छ चादरी घालून ठेवल्या होत्या. दुपार कलती झाली होती, बाहेर ऊन रणरणत होतं. माणसं बूट काढून आडवी झाली, एकेका खाटेवर दोघं दोघं, काही जण भिंतीला टेकून. आणि मुलं घरी पोचली नाहीत म्हटल्यावर त्यांच्या आया शेडकडे निघाल्या. कुणी मांसाची भरली पोळी आणली, कुणी उकडलेला ऑक्टोपस, कुणी दारूची सुरई. एलादियोची आई, काळ्या कपड्यांतली ठेंगणी म्हातारी, लेकाच्या खाटेशी स्टूल ओढून बसली आणि पदरासारख्या रुमालाने त्याला वारा घालू लागली.

आरांदा आला तेव्हा शेडमधलं हे दृश्य बघून दारातच थबकला.

"ही माणसं इथे राहतात?"

"हळू बोला," ओब्दूलिया म्हणाली. "झोपलीत."

"खाटा चाळीस. प्रवासी किती आले ते मला माहीत आहे."

"मच्छीमार बोटीवर कधी गेलात का, साहेब? तिथे एक खाट तिघांना पुरते. पाळीपाळीने."

भिंतीकडून कुणीतरी फिस्सकन हसलं. आरांदा एलादियोच्या खाटेपाशी गेला.

"तुमचं घर कुठे?"

एलादियोने डोळे न उघडता हात वर केला आणि खिडकीबाहेर दाखवलं. "ते. निळ्या दाराचं."

"मग इथे का झोपलात?"

"तिकिटात आहे. पैसे भरलेत मी."

आता मात्र सगळी शेड हसली. त्या हसण्यात टिनेकाने म्हातारीचा चेहरा पाहिला. ती हसत नव्हती. दोन वर्षांनी आलेल्या लेकाला ती लोकांच्या गादीवर वारा घालत होती, तेही एका साहेबाची खात्री पटावी म्हणून. टिनेका पुढे झाली.

"उठा सगळे. घरी जा," ती म्हणाली, आणि मग आरांदाकडे वळली. "इथे कुणी झोपत नाही. कधी झोपलं नाही, झोपणारही नाही. लिहून घ्या."

"बाई, गप्प बसा," ओब्दूलिया कुजबुजली.

"का गप्प बसू? घरापासून हाकेच्या अंतरावर माणसाने खोटी खाट विकत घ्यायची, तरच त्याला स्वस्तात आईला भेटता येणार. हा नियम कुणी केला ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मी मोडला. पुढेही मोडीन."

आरांदाने वही उघडली. वाईट माणूस नव्हता तो. "हे असंच्या असं लिहिलं तर परवाना राहणार नाही," तो म्हणाला.

"असंच लिहा."

स्पेनमध्ये उतरायचा परवाना गेला. सुट्टीवर आलेल्यांना परत न्यायची तेवढी सवलत मिळाली. रॉटरडॅमला तिचा हिशेबनीस म्हणाला, चाळीस खाटांचं सोंग निभावलं असतं, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलास. ती म्हणाली, पाय माझा आहे.

हिवाळाभर ती नकाशा घेऊन बसली. गालिसियाच्या खाली, नदी ओलांडली की पोर्तुगाल. तिथल्या पोर्तो शहरात विमानतळ होता, आणि तिथलं सरकार पर्यटक यावेत म्हणून विमानांना फारसं अडवत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तिची विमानं पोर्तोला उतरली आणि तिथून बसगाड्या सीमा ओलांडून गालिसियात जाऊ लागल्या. बसचं सगळं काम ओब्दूलियाने हातात घेतलं. उशिरा येणाऱ्या ड्रायव्हरला ती काय म्हणायची ते छापण्याजोगं नाही. प्रवास तीन तासांनी लांबला होता, तरी एलादियो पहिल्या बसमध्ये होता.

त्र्याण्णव साली युरोपातलं आकाश मोकळं झालं. कोणत्याही कंपनीने कुठूनही कुठेही जावं, भाडं हवं ते लावावं. त्याच वसंतात मोठ्या कंपनीचा एक गृहस्थ ॲमस्टरडॅमहून टिनेकाला भेटायला आला. चांगला सूट, मऊ बोलणं.

"आम्ही थेट गालिसियात, सांतियागोला विमान सुरू करतोय," तो म्हणाला. "तुमच्यापेक्षा कमी भाड्यात. तुम्ही आम्हाला कंपनी विकावी, सन्मानाने बाहेर पडावं."

"कमी करा भाडं," टिनेका म्हणाली. "पहिल्यांदाच करताय."

"तुम्ही बुडाल."

"मी उडतेय तोवर तुमचं भाडं खाली राहील. मी गेले की दुसऱ्या दिवशी वर जाईल. हे मला कळतं, तुम्हाला कळतं, आणि गोदीतल्या क्रेनवाल्यालाही कळतं. कॉफी घेणार?"

त्याने कॉफी घेतली नाही.

त्यांनी शब्द पाळला. हिवाळ्यात तिची विमानं अर्धी रिकामी गेली. एक विमान विकावं लागलं, आणि ते विकताना ती धावपट्टीच्या कुंपणाशी उभी राहून रडली. पण तोवर तिने एक गोष्ट हेरली होती. मोठ्या कंपन्या स्वस्त तिकीट द्यायच्या ते जाऊन-येऊन असं, परतीची तारीख आधीच ठरवून. गोदीतल्या माणसाला परत कधी यायचं ते ठाऊक नसतं. काम मिळेल तेव्हा. तिने एकेरी तिकीट विकायला काढलं, निम्म्या भाड्यात, तारखेची अट नाही.

पहिल्या आठवड्यात खिडकीवर रांग लागली. रांगेतला एक पोरगेला रंगारी म्हणाला, "बाई, परत आलोच नाही तर?"

"तर तिकडेच सुखाने राहा," टिनेका म्हणाली, आणि पुढच्याला बोलावलं.