कृपया माहिती तपासा

ताईचा अर्ज पुन्हा परत आला तेव्हा मी मास्तरला म्हणाले, "तुझ्या त्या सर्व्हरला एकदा विचार तरी, बाबा, तुझं नेमकं दुखतंय कुठे?"

मास्तर म्हणजे आमच्या टीममधला जावावाला, जावा भाषेत प्रोग्राम लिहिणारा. स्क्रीनवर माणसाला जे दिसतं ते मी बनवते. माणसाने बटण दाबल्यावर आत जी तपासणी होते ती त्याची. साधं "चहा घेणार का" विचारलं तरी तो चहाच्या व्याख्येपासून सुरू करतो, म्हणून मास्तर. एरवी मला त्याची गंमत वाटते. त्या दिवशी वाटत नव्हती.

आमची वेबसाइट किडनीच्या अदलाबदलीची. तुमच्या माणसाला तुमची किडनी जुळत नसेल, तर तुम्ही ती परक्या कुणाला द्यायची आणि त्या घरातल्या कुणीतरी तुमच्या माणसाला द्यायची. दोन्ही घरांचे अर्ज आले की कॉम्प्युटर जोड्या लावतो. दाजींना ताईची किडनी जुळत नव्हती, म्हणून त्यांचं नाव या यादीत घालायचं होतं. यादी त्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होणार होती. पुढची यादी पावसाळा संपल्यावर. तोवर दाजींनी कळ काढायची म्हणजे आठवड्यात तीनदा डायलिसिसच्या मशीनवर पडून राहायचं, तेही हृदयाने साथ दिली तर. डॉक्टर हल्ली "बघू" म्हणत होते, आणि डॉक्टर "बघू" म्हणायला लागले की काय समजायचं ते आम्हाला समजत होतं.

माझा पहिला कॉम्प्युटर दाजींनी आणून दिला होता. वडील म्हणाले होते, पोरीच्या जातीला कशाला. दाजी खोकं घेऊन सरळ माझ्या खोलीत गेले आणि वायरी जोडत बसले. त्या माणसाचा अर्ज माझ्याच वेबसाइटवर अडकावा, याला काय म्हणायचं?

ताईने सगळे रकाने भरले की ती सबमिट दाबायची, पान जरा वेळ फिरायचं आणि वर एकच ओळ यायची: कृपया माहिती तपासा. कुठली माहिती, कुठल्या रकान्यातली, पत्ता नाही.

"लॉग बघ," मी म्हणाले. आत काय काय घडलं त्याची सर्व्हर नोंद ठेवतो, तो लॉग.

"लॉगमध्ये एवढंच येतं, की तपासणीत नापास."

"रकान्याचं नाव?"

मास्तरने चष्मा पुसला. "पेशंटची माहिती लॉगमध्ये जाता कामा नये, असा नियम आहे ना. म्हणून मी रकान्याचं नावही काढून टाकलं. कारण कसं असतं, समजा एखाद्याच्या रक्तगटाच्या रकान्यात..."

"समजलं," मी म्हणाले. माणूस नियम पाळतो म्हणून त्याला शिव्या तरी कशा घालायच्या?

मग आम्ही आमच्या मशीनवर अर्ज भरून पाहिला. आमच्याकडे एक बटण आहे, ते दाबलं की सगळा अर्ज खोट्या माहितीने आपोआप भरतो. वर्षभर आम्ही सगळे तेच दाबत आलोय, हाताने अर्ज भरायला वेळ कुणाला आहे? बटण दाबलं, सबमिट केलं, अर्ज पास. पुन्हा केलं, पुन्हा पास. मी ताईला फोन लावला.

"जन्मतारीख कशी लिहिलीस?"

"कॅलेंडर उघडतं, त्यातून निवडली."

"वजन? नुसता आकडाच ना? पुढे किलो वगैरे काही लिहिलं नाहीस?"

"आकडाच गं."

तिच्यामागे सासूबाईंचा आवाज येत होता. त्या, नणंद आणि ताई, तिघी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप मांडून बसल्या होत्या. दाजी आतल्या खोलीत पडले होते. सासूबाई म्हणत होत्या, "विचार तिला, आमच्याकडून काही राहिलंय का?"

मी ताईची एकूणएक माहिती फोनवर उतरवून घेतली आणि या वेळी बटण न दाबता हाताने भरली. नाव, पत्ता, रक्तगट, आजार, औषधं, शेवटच्या चौकटींतल्या टिका. अर्ज पास झाला. मी मास्तरकडे पाहिलं, मास्तरने माझ्याकडे. तीच माहिती, तीच अक्षरं, तोच प्रोग्राम. इथे चालतं आणि तिथे चालत नाही.

"नेट खराब असेल त्यांचं," मास्तर म्हणाला.

"नेट खराब असेल तर अर्ज पोचणारच नाही. हा पोचतोय आणि परत येतोय."

"मग लॅपटॉप जुना असेल."

मी ताईला नणंदेच्या फोनवरून अर्ज भरायला लावला. तोही परत आला. मी तिच्यावर खेकसले, "नीट भर ना गं, घाई कसली करतेस?" ती "बरं" म्हणाली. ताई कधी उलटून बोलत नाही, आणि त्यानेच मला जास्त चीड येते. मग मी मास्तरवर खेकसले. नुसतं साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं.

शेवटी मी म्हणाले, "लॉगमध्ये रकान्याचं नाव येऊ दे. आत काय भरलंय ते नको, फक्त नाव. नियम मोडत नाही." मास्तरने मान खाजवली, पण केलं. नवा प्रोग्राम सर्व्हरवर चढवला. मी ताईला पुन्हा सबमिट करायला सांगितलं आणि दोघंही लॉगकडे बघत बसलो.

ओळ आली. रकाना: स्वेच्छा.

ती अर्जातली सगळ्यात शेवटची चौकट. डॉक्टरांनी ती मागाहून घालायला लावली होती. तिच्यापुढे लिहिलंय, "मी हे दान कुणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या इच्छेने करत आहे." तिथे टिक नसेल तर अर्ज घ्यायचा नाही, ही तपासणी मास्तरने आत घातली होती. स्क्रीनवर त्या चौकटीखाली लाल सूचना यायची ती मात्र माझ्याकडून अजून व्हायची होती. आमचं बटण सगळ्याच चौकटींत टिक करतं आणि हाताने भरतानाही माझं बोट सवयीने टिक करत गेलं. त्यामुळे ती चौकट रिकामी राहिली तर काय होतं, ते आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

"सापडलं," मास्तर म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "टिक पोचत नाहीये. कसं असतं, रिकामी चौकट ब्राउझर पाठवतच नाही. त्यांनी टिक केली असणार, पण वाटेत कुठेतरी... ते नंतर शोधू. आजच्यापुरती तपासणी काढून टाकतो. लगेच होतं. तू फक्त त्यांनी टिक केलीय एवढं विचारून घे, म्हणजे झालं."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच्या पाठीवर थाप मारली. फोन घेऊन जिन्यात गेले.

"ताई, सापडलं. शेवटची चौकट आहे बघ, त्यात टिक केली आहेस ना?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा, मग नळ सोडल्याचा. ती बाथरूममध्ये गेली होती.

"नाही केली," ती म्हणाली.

"अगं मग कर की. सकाळपासून आम्ही..."

"राहून नाही गेली. मी केली नाही."

मला काही उमजेना. "म्हणजे तुला द्यायची नाहीये?"

"तेच कळत नाही ना मला. देईनही. ह्यांना असं बघवत नाही. पण तिथे लिहिलंय, कुणाच्याही दबावाशिवाय. सासूबाई रोज समोर बसून रडतात. नणंद येऊन राहिली आहे. आणि तू. सगळ्यात जास्त फोन तुझेच असतात. मला भीती वाटते गं, पोट फाडून घ्यायची. ते मी कुणाला सांगितलं? कुणी विचारलं? आणि मग खाली खोटं कसं लिहू? दर वेळी वाटतं, आता करूया टिक. बोट नेते तिथपर्यंत. मग तसंच सबमिट करते. मशीन परत पाठवतं. मला बरं वाटतं."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. दाजी डोळ्यांपुढे आले, गुडघ्यावर बसून वायरी जोडणारे. ताईचा राग आला, खूप आला. आणि तिची कीवही आली. दोन्ही एकदम कसं येतं, देव जाणे.

"तू सांग," ती म्हणाली. "तू कर म्हणालीस तर आत्ता करते."

शब्द माझ्या ओठांवर होता. एकच शब्द, आणि अर्ज गेला असता. बरं, तिने टिक केली नसती तरी चाललं असतं, आत मास्तर तपासणी काढून तयार होता. तिचं मन न विचारता अर्ज पुढे सरकला असता आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले.

नळ वाहत राहिला. ती म्हणाली, "मग बाहेर काय सांगू?"

"सांग, कंपनीत बिघाड आहे. माझ्याने दुरुस्त होत नाहीये."

वर आले तर मास्तर कीबोर्डवर बोटं ठेवून बसला होता. "चढवू?"

"नको. तपासणी बरोबर आहे."

"मग बिघाड कुठे आहे?"

"बिघाड नाहीये. आणि ती लाल सूचना मी आज घालणार नाही. उद्या घालेन." आज घातली असती तर टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना रिकामी चौकट दिसली असती. मास्तर काहीतरी समजावायला गेला, मग माझ्याकडे पाहून त्याने कीबोर्डवरची बोटं काढून घेतली. मी त्याला दिवसभरासाठी सॉरी म्हणाले. त्याने कशासाठी ते विचारलं नाही.

पाचला थोडं कमी असताना ताईच्या नंबरवरून फोन आला. सासूबाई होत्या.

"एवढी शिकलीस," त्या म्हणाल्या, "आणि घरच्या माणसाचा एक अर्ज जात नाही तुझ्याने?"

"नाही जात," मी म्हणाले.

त्या रडायला लागल्या. फोन कुणीतरी त्यांच्या हातून घेतला. दाजी होते, आवाज अगदी बारीक झाला होता.

"आईचं मनावर घेऊ नकोस," ते म्हणाले. "सकाळपासून माझ्यासाठी झटते आहेस, मला माहीत आहे. जेवलीस का काही?"

मी हो म्हणाले. मी जेवले नव्हते. स्क्रीनवर यादी बंद झाल्याची सूचना आली, आणि दाजी अजून फोनवर मला धीर देत होते.