पिंजरा मोजला की आजार?

धाकट्या भावाच्या प्रयोगाचे आकडे पाहून ताईला आनंद व्हायला हवा होता, पण तिच्या मनात पाल चुकचुकली. आतड्यातले जंतू बनवतात ते एक आम्ल आजारी उंदरांच्या लेंड्यांत अगदी कमी होतं आणि निरोग्यांच्या लेंड्यांत भरपूर. अधलामधला एकही उंदीर नव्हता. भावाची पदवी याच फरकावर अवलंबून होती.

"इतकं सरळ काही नसतं रे," ती म्हणाली. मोजणीचं यंत्र तिच्याच ताब्यात होतं. तिने नमुन्यांवरच्या खुणा झाकल्या आणि सगळे पुन्हा मोजले. आकडे तेच आले.

"आता तरी पटलं? का सख्ख्या भावाला चोर ठरवूनच जेवणार आहेस?"

ताई ओशाळली, पण शंका काही जाईना. ती त्याच्याबरोबर उंदरांच्या खोलीत गेली. एका पिंजऱ्यात सगळे आजारी होते, दुसऱ्यात सगळे निरोगी. तेवढ्यात एका उंदराने शेजारच्याची लेंडी उचलली आणि मजेत कुरतडली.

"हे त्यांचं रोजचंच आहे," भाऊ हसून म्हणाला.

"म्हणजे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांच्या पोटात सारखेच जंतू होणार. मग हा फरक आजाराचा की पिंजऱ्याचा, सांग बरं?"

भावाचं हसू मावळलं.

"नाही सांगता येत," तो म्हणाला. "आजारी आणि निरोगी, दोन्हींसाठी बरेच वेगवेगळे पिंजरे घेऊन सगळं पुन्हा करावं लागेल. पदवी थांबेल. पण ताई, या वेळी संशय आधी घे, मोजून झाल्यावर नको."