लंडनच्या टांकसाळीतला पैसा

मी तांब्याचा एक जुना रोमन पैसा. तुमच्याशी बोलतोय खरा, पण आजवर माझं बोलणं कुणाला ऐकू गेलेलं नाही.

माझा जन्म लंडनचा. तिथं रोमन बादशहाची टांकसाळ होती. तापलेली चकती ठशावर ठेवली, वरून हातोडा बसला आणि मी झालो. एका बाजूला बादशहाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला सूर्यदेव. सूर्यदेवाच्या पायाखाली तीन बारीक अक्षरं होती: पी, एल, एन. ती टांकसाळीची खूण. तिच्यावरूनच कळायचं, मी लंडनचा. ती टांकसाळ थोडीच वर्षं चालली. मी मात्र हातोहाती वेल्समध्ये पोचलो, कुणाच्या तरी कमरेच्या पिशवीतून निसटलो आणि शेकडो वर्षं मातीत पडून राहिलो.

यंदाच्या वसंतात यतीननं मला वर काढलं. तो इथल्या, वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात काम करतो. कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेल्या अलॉटमेंटमध्ये, म्हणजे भाजी लावायच्या जमिनीच्या तुकड्यात, मेथी लावायला तो खणत होता. सोबत त्याची मुलगी कस्तुरी होती. ती इथंच जन्मलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी.

"बाबा, हा नाणं कुठे बनला?" तिनं विचारलं.

यतीननं माझा फोटो म्युझियमला पाठवला. तिथल्या बाईंचं उत्तर आलं: हिरव्या थरात अक्षरं असावीत, लंडनची असतील तर फार छान, शनिवारी घेऊन या, मात्र तोवर अजिबात घासू नका. बापलेकीनं ते जेवताना मोठ्यानं वाचलं आणि त्यावर दोघं खूप बोलली. सगळं इंग्रजीत.

टेबलाशी लीलावतीबाईही होत्या. यतीनची आई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. दोघं हसली की त्याही हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी घरी त्या एकट्याच होत्या. यतीननं मला खिडकीत ठेवलं होतं, तिथून त्यांनी मला उचललं. पोरीला एवढा आवडलेला पैसा असा काळाहिरवा कसा ठेवायचा, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि देवाची भांडी घासावीत तसं मला घासायला बसल्या. घासता घासता माझ्याशी बोलत होत्या. नागपुरात ऊन तापलं असेल, शेजारच्या सुमनताई कुंड्यांना पाणी घालत असतील का, असं काहीबाही. चिंचेनं भागेना, तेव्हा त्यांनी तारेची घासणी घेतली.

मी ओरडलो. माझी अक्षरं तांब्यात उरलीच नव्हती. त्या हिरव्या पापुद्र्यातच काय ती टिकून होती. आधी एन गेला, मग एल. शेवटी पी.

संध्याकाळी त्यांनी मला वाटीत घालून कस्तुरीपुढं ठेवलं. ती रडायला लागली. यतीननं मला उचलून उलटंपालटं करून पाहिलं.

"आई, हे घासायचं नव्हतं गं."

"मला कोणी सांगितलं?" लीलावतीबाई हळूच म्हणाल्या.

त्यानं मला परत वाटीत ठेवलं.

म्युझियमच्या बाईंनी शनिवारी मला भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिलं. सूर्यदेवाचे पायसुद्धा धड दिसेनात. मी तिथं त्यांच्या चिमट्यात, लंडन लंडन म्हणत होतो. त्यांनी टांकसाळ 'अज्ञात' अशी नोंद केली आणि मला परत दिलं.

आता मी किचनच्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांशेजारी असतो. कस्तुरी मला विसरली, यतीनही विसरला. लीलावतीबाई मात्र तेव्हापासून या घरातल्या कशालाच विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. आज सकाळी सिंकपाशी उभ्या होत्या.

"यतीन, हा कप धुऊ का रे?"

तो लॅपटॉपमधून मान वर न करता "हो" म्हणाला.

मी कुठला, हे नाही कळलं कुणाला तरी चालेल. पण मी बोलतोय ते तुम्हाला ऐकू येत असेल, तर त्याला एवढं सांगा: एकदा मान वर करून तिच्याकडे बघ, म्हणावं. मला सांगता येत नाही.