पट्टीखालची ओळ

"बाई, ही पयलीच यादी हाये. अजून दोन लागतात. पंधरा दिवसानं येऊन पाहाल."

नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यात शिपायाने हे सांगितले, तेव्हा मी कांताबाईंच्या हातात होते. जाळीच्या फलकासमोर मुलांची रेटारेटी चालली होती. बाई भिंतीला टेकून वहीत प्रत्येक प्रवर्गातल्या शेवटच्या नावाच्या गुणांचे आकडे उतरवत होत्या. "हो हो, बघू," त्या मान वर न करता म्हणाल्या. सावली गावाकडची शेवटची गाडी चुकली असती, आणि घरी त्यांची दोन वर्षांची मुलगी उजी तापाने फणफणली होती. विसरू नये म्हणून त्यांनी प्रत्येक पानावर शेवटच्या आकड्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले, 'फक्त पहिली यादी'. मग वही मिटली आणि आम्ही धावत सुटलो.

पंधरा दिवसांनी काही आम्ही गेलो नाही.

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फूटपट्टी आहे. आपली गोष्ट सांगणारे आधी आपली कामगिरी सांगतात. मला तसे करायला तोंड नाही, म्हणून आधी हे सांगितले.

माझा जन्म आलापल्लीचा. कांताबाईंचे यजमान श्रीहरीभाऊ तिथल्या लाकडाच्या डेपोत कारकून होते. पोचू सुताराने दाराच्या चौकटीतून उरलेल्या एका फळकुटापासून मला घडवले. लोखंडी पट्टीला लावून चाकूने खुणा पाडल्या आणि तापलेल्या तारेने आकडे डागले. सातचा आकडा जरा वाकडा आला. मग त्याने मला डोळ्यासमोर धरले, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "सरळ हाये. लाकूड पाहाचं तं एकाच डोळ्यानं पाहाचं." मला फार अभिमान वाटला. ते फक्त लाकडापुरते खरे आहे, हे मला पुढे कळले.

श्रीहरीभाऊंची बदली झाली आणि आम्ही सावलीला आलो. कांताबाई बी. एस्सी. झालेल्या. गावात शिकलेल्या सुना फार नव्हत्या. त्यामुळे १९८४ साली वामनराव मास्तरांनी मुलीचे, रुखमाचे, नाव यादीत लागले का ते पाहायला त्यांनाच नागपूरला पाठवले. रुखमाचे नाव होते. मास्तरांनी सगळ्या गावात पेढे वाटले आणि सांगितले, "बाईंनी फलकावरच्या सगळ्या याद्या उतरवून आणल्या आहेत. आता अंधारात चाचपडायचं काम नाही."

झाले, तिथून माझे काम सुरू झाले. बारावीचा निकाल लागला की मुले-मुली गुणपत्रिका घेऊन आमच्या घरी येत. बाई भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तीन विषयांची बेरीज करत. ज्याचा जो प्रवर्ग, त्याच्या यादीचे पान उघडत आणि शेवटच्या आकड्याखाली मला आडवी ठेवत. बेरीज माझ्या वर आली तर म्हणत, "आत." खाली गेली तर हळू आवाजात म्हणत, "बाहेर." त्याला लोक पट्टी लावणे म्हणू लागले. स्टँडवरचा चहावाला वारलू विचारायच्या आधीच बोट दाखवी, "पट्टीवाली बाई ना? ते निळं दार."

बाईंच्या सासूबाईंना, ठमाबाईंना, या गर्दीचे मोठे नवल वाटे. उजी कोपऱ्यात बसून माझे टोक चावत असे. तिचे चार दात अजून माझ्या अंगावर आहेत. ठमाबाई म्हणत, "जगाच्या पोराईले पट्ट्या लावून राह्यली. घरच्या पोरीचं अंग तापलं, तिच्या कपाळाले कोण लावते पट्टी?" बाई लगेच उठून उजीच्या कपाळाला हात लावत. ताप नसला तरी दोनदा लावत. फार काळजी करायच्या त्या. दुसऱ्यांच्या मुलांचीही करायच्या. कुणाचे मूल फलकासमोर रडू नये म्हणून त्या आधीच सांगून टाकत.

दोन वर्षे माझी फार वाहवा झाली. ज्यांना बाईंनी 'आत' म्हटले, ते सगळे आत गेले. ते पेढे घेऊन आले, नारळ घेऊन आले. ज्यांना 'बाहेर' म्हटले, त्यांनी अर्जच भरले नाहीत. ते कशाला परत येतील? त्यामुळे आमची चूक आम्हाला दाखवणारे दारात कुणी आलेच नाही. मी मात्र स्वतःला फार अचूक समजू लागले होते.

१९८६ च्या जूनमध्ये धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाहून इसरूभाऊ आले. बरोबर त्यांची मुलगी मंगली होती. ती गडचिरोलीच्या वसतिगृहात राहून शिकली होती. त्यांच्या गावात तोवर बारावी कुणीच झाले नव्हते. इसरूभाऊंनी चारोळीची पुडी बाईंसमोर ठेवली.

"पोरीनं बारावी काढली बाई. होस्टेलच्या म्याडम म्हणल्या, डाक्टरीचा फारम भर. मले काई समजत नाई. तुमी पट्टी लावून पाहा."

मंगलीचे तीनशेपैकी एकशे ब्याण्णव होते. बाईंनी तिच्या यादीचे पान काढले. शेवटचा आकडा होता एकशे सत्त्याण्णव. त्याच्याखाली त्यांनी मला ठेवले.

"पाच गुण कमी पडतात गं, मंगली."

मंगली पुढे वाकली. तिने माझ्यावर बोट ठेवले, बरोबर सातच्या आकड्यावर. "याच्या खाली काई नसते का, बाई?"

"खाली म्हणजे बाहेर."

मित्रांनो, खाली होते. तिच्या बोटाच्या खाली मी होते आणि माझ्या पोटाखाली ती पेन्सिलीची ओळ होती, 'फक्त पहिली यादी'. दोन वर्षे मी दरवेळी त्याच जागी ठेवली जात होते आणि दरवेळी तीच ओळ झाकत होते. मला ते ठाऊक होते. पट्टी आपण होऊन सरकत नाही, तिला कुणीतरी सरकवावे लागते, हे माझे समर्थन आहे. ते मलाच पुरत नाही.

"फारम आणला हाये," मंगली म्हणाली. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून घडी काढली. "भरून पाहू का?"

"भरायला काय, भरशील. पण नागपूरच्या दोन-तीन खेपा होतील, ऐन धानाच्या रोवणीत बाबांचे दिवस मोडतील, आणि शेवटी त्या फलकासमोर रडत उभं राहायचं. मी पाहिलंय ते. तुझ्या भल्याचं सांगते."

आतून ठमाबाईंचा आवाज आला, "पोट्टी भरतो म्हणते तं भरू दे ना व. कागदच तं हाये!"

"आई, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

इसरूभाऊ उठले. "चाल माय. बाई शिकल्या हायेत. त्यायले मालूम रायते." मंगलीने कोरा अर्ज टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "कोणाच्या कामी येईल तं द्या." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंनी कदाचित पान पुन्हा पाहिले असते.

पोळा झाल्यावर एका दुपारी निळ्या दारात दुसरीच मुलगी आली. ती मंगलीची वसतिगृहातली मैत्रीण, सुकरी. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"मंगली तुमच्याकडे आली होती म्हणे. तिचं नाव कुठीच नाई दिसलं. तिनं फारम काऊन नाई भरला, बाई?"

बाईंनी तिलाच विचारले, "तुला किती होते?"

"एकशे एकोणनव्वद!" सुकरी हसायला लागली. "तिच्यापेक्षा तीन कमी. वर्गात मले चिडवे ना ती, ढ म्हणून! तिसऱ्या यादीत नंबर लागला. खालून दुसरी! आमच्या दोघींची एकच यादी, मले वाटलं ती तं पयल्याच दमात गेली असन."

बाईंनी वही उघडली. मी पानातच होते. त्यांनी मला उचलले. माझ्याखालची ती ओळ वाचली. अक्षर त्यांचे स्वतःचेच होते. सुकरीने पुढे केलेला पेढा त्यांच्या हातात तसाच राहिला. उजीने तो मागितला तेव्हा त्यांना तो हातात असल्याचे कळले.

दुसऱ्याच दिवशी त्या उजीला कडेवर घेऊन इसरूभाऊंच्या गावी गेल्या. वही आणि मी पिशवीत होतो. बाईंनी सगळे सांगितले. कुठेही सारवासारव केली नाही. इसरूभाऊंनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुमी तं भल्यासाठीच सांगतलं, बाई." मंगली घरी नव्हती. "गडचांदूरले गेली, मावशीपाशी. तिथी गोट्याच्या खाणीवर काम भेटते म्हणे. इथी राहून काय करन, म्हणे." पत्ता त्यांना सांगता येईना. मावशीच्या नवऱ्याचे नाव बुधू, एवढेच. निघताना त्यांनी पुन्हा चारोळीची पुडी बाईंच्या हातात दिली. नाही म्हणण्याइतकेही तोंड बाईंना उरले नव्हते. गाडीत त्या पुडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उजी विचारत होती, "आई, तुला कोणी मारलं?"

गडचांदूरलाही त्या जाऊन आल्या. मजुरांच्या झोपड्या तिथून हलल्या होत्या. बुधू कुणालाच ठाऊक नव्हता.

आता मला कुणी लावत नाही. ठमाबाई खिडकीला टेकू द्यायला मला वापरतात. ते काम मला आवडते. खिडकी उघडी राहते. मुले अजून येतात. बाई त्यांची गुणपत्रिका पाहतात, तिन्ही याद्यांचे आकडे समोर ठेवतात आणि म्हणतात, "अर्ज भर. नाही म्हणायचं ते त्यांना म्हणू दे." मंगलीच्या आधी ज्यांना बाहेर म्हटले, त्यांची नावे बाईंनी आठवून आठवून लिहिली आहेत. अकरा आठवली. बाकीची आठवत नाहीत, आणि ते जास्त लागते.

यंदा, १९८७ साली, बाई पुन्हा त्या व्हरांड्यात जाऊन आल्या. तोच शिपाई होता. मागच्या वर्षी पास झालेली मुलगी चालते का, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, "अर्ज तं टाका बाई. पाहाणारे पाहातीन." या वेळी त्या त्याच्याकडे नीट पाहून "बरं" म्हणाल्या. मंगलीच्या नावाचा अर्ज आता टेबलावर आहे. सगळे भरून झाले आहे. सहीची जागा तेवढी कोरी आहे. शेवटची तारीख जुलैची दहा.

मित्रांनो, मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत. तुमच्यापैकी कुणाचे मामा, काका गडचांदूरकडे असतील, कुणी सुट्टीत तिकडे जाणार असेल, तर खाणीवर जाऊन एवढे विचारा. धानोऱ्याकडची मंगली, मावशीच्या नवऱ्याचे नाव बुधू. भेटली तर ती बरी आहे ना, ते आधी पाहा. मग तिला सांगा की पट्टीच्या खाली एक ओळ होती, आणि सावलीचे निळे दार उघडे आहे.