दोन मजली बाण

मुखरूने बांबूच्या नळीत बाणाची दारू चिमटीने सोडली आणि लाकडी दांड्याने हलकेच ठोकली. हा खालचा मजला. त्याने जळायचं, जळता जळता वरच्याला पेटवायचं आणि गळून पडायचं. वरच्याने आणखी वर जायचं. खालच्याचं पुढे काय होतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

सत्तावन्न सालचा अख्खा पावसाळा त्याने या बाणात घातला होता. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत आजवर एकमजली बाणच उडत. यंदाचा वैनगंगेपलीकडून दिसला, की ब्रह्मपुरीच्या शोभेच्या दारूवाल्याचं नाव या गावात कोणी काढणार नव्हतं.

सरपंच बापूजी आत आले. पंचायतीत रेडिओ आल्यापासून ते जगाची काळजी वाहत चालत.

"आयकलं का गा मुखरू? रशियानं आभाळात कुत्री धाडली. जित्ती!"

"मंग?"

"मंग तुहा बाण का रिकामाच जाईन? वर कोनीतरी बसलं पायजे."

"अन् वापस कसं येईन ते?"

"रशियाची तरी कुठी आली?"

एवढ्यावर शास्त्रीय चर्चा संपली.

कोणाला बसवायचं यासाठी सभा भरली आणि प्रत्येकाने शेजाऱ्याचं जनावर सुचवलं. कोंबडा खाण्याच्या कामाचा निघाला. खारीच्या पाठीवर रामाची बोटं. मांजर मेलं तर पाप कोणाच्या माथी, यावर दोनदा चहा झाला. शेवटी भागीरथाबाईची मैना ठरली. भागीरथा नदीकाठी मासळी सुकवून एकटीच राहायची. तिच्या बाजूने बोलणारं सभेत कोणी नव्हतं, त्यामुळे ठराव एकमताने झाला.

मुखरू टोपलीसाठी मैनेचं माप घ्यायला गेला. म्हातारी तिला भात भरवत होती. आधी मैनेला, मग स्वतः.

"कोन हो?" मैनेने विचारलं. तिला तेवढंच येत होतं.

"घे गा माप," भागीरथा म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

मुखरूला जे समजायचं ते समजलं. घरी येऊन त्याने खालच्या मजल्यातली दारू काढली आणि चुलीतली राख भरली. तितक्याच हलक्या हाताने ठोकली.

मंडईच्या संध्याकाळी भागीरथा मागून आणलेलं कोरं लुगडं नेसून सरपंचांशेजारी खुर्चीवर बसली होती. खुर्चीवर बसायची सवय नसल्याने पाय वर घेऊन. बापूजींनी उभं राहून तिचं नाव घेतलं, पुढे 'श्रीमती' लावून. टाळ्या पडल्या. मुखरूने वात पेटवली. बाण फुसफुसला, थोडा धूर सोडून होता तिथेच उभा राहिला.

"कोन हो?" टोपलीतून आवाज आला.

सारी मंडई पोट धरून हसली. भागीरथा उठली तशी मागून कोणीतरी खुर्ची उचलून नेली. पुढच्या वर्षीसाठी ब्रह्मपुरीवाला ठरला, तोही एकमताने.

मुखरूने आठवडाभर तोंड दाखवलं नाही. मैना जगली, असं तो स्वतःला सांगत राहिला. मग एका सकाळी भागीरथा पिंजरा घेऊन त्याच्या अंगणात आली.

"नळीत राख होती ना गा?"

मुखरूने शेजारची नळी मांडीवर ओढली.

"जनम चुलीपुढं गेला माहा. मले राख समजत नाई का?"

"मैना मेली असती, बाई. तू त्या दिवशी रडून राह्यली होती..."

"रडन नाई तं का करन? लगन झाल्यापासून या गावात माहं नाव कोनी घेतलं? त्या दिवशी सारे म्हनत होते, भागीरथेची मैना चालली आभाळात. तूच आडवा आला."

मुखरू रिकामी नळी फडक्याने पुसत राहिला. ती स्वच्छच होती.

"ब्रह्मपुरीवाला कोन्या बाजूनं राह्यते?"

त्याने हात वर करून वाट दाखवली. ऊन चढलं होतं. मैनेला झळ लागू नये म्हणून म्हातारीने पिंजऱ्यावर पदर टाकला आणि ती निघाली.